आधी कागद मागा

सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या रुग्णाला मोठ्या शस्त्रक्रियेसाठी सातारा नाहीतर पुणे गाठावे लागते, आटपाडीच्या रुग्णाला सांगली. उपचारात हयगय झाली तर दाद मागायलाही तेवढेच हेलपाटे, ही समजूत मात्र जुनी झाली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. रुग्णालय पुण्यात असले तरी औंधकराची तक्रार साताऱ्यात चालते. खरी अडचण पुराव्याची. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागणीनंतर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. त्या लेखी मागाव्यात, पोच घ्यावी. तक्रारीला मुदत दोनच वर्षांची आहे. हे सोडून काचा फोडणारा जमाव आपलाच खटला बिघडवतो.

अशा तक्रारींमुळे डॉक्टर जोखमीचा रुग्ण हातात घेणार नाहीत, हा आक्षेप पोकळ नाही. पण केवळ निदान चुकले किंवा रुग्ण दगावला म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात स्पष्ट केले आहे. शिक्षा होते ती हयगयीची. 1963 मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेवेळी बाळंतिणीच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. त्यावरच्या खोडवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शासनाला जबाबदार धरले, ते 1996 साली! सर्वांना मोफत उपचार देणारी सरकारी रुग्णालये आजही ग्राहक कायद्याबाहेर आहेत. तिथल्या गरिबाला दिवाणी न्यायालयाची लांबची वाट. त्याच्यासाठी जिल्ह्यातच मुदतबंद निवाडा करणारी यंत्रणा शासनाने उभारावी.