कॅमेऱ्याने जपावा छावणीचा इतिहास

हिंगोलीत पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावे आजही रोजच्या बोलण्यात आहेत. विदर्भाच्या सीमेवरील निजामाच्या लष्करी छावणीची ती साक्ष. हैदराबाद कंटिन्जंट ही इथली फौज 1903 मध्ये भारतीय सैन्यात विलीन झाली, सप्टेंबर 1948 मध्ये निजामी राजवट संपली; नावे मात्र टिकली. हौशी छायाचित्रकारांनी जुन्या भिंती, कमानी, थडग्यांवरचे शिलालेख आताच टिपावेत. निजामाच्या फौजेचे कौतुक कशाला, असे कुणी म्हणेल; पण नोंद म्हणजे गौरव नव्हे. नुसता फोटो म्हणजे इतिहास नव्हे, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणून प्रत्येक छायाचित्राला तारीख, ठिकाण जोडा आणि ते गॅझेटियरशी ताडून पाहा. झिजलेले अक्षर पुन्हा उमटत नाही.