समुद्रतळाची तार कोणाच्या खर्चानें?

कामोठ्यांतील आईबाप परदेशीं गेलेल्या मुलाशीं मोबाईलवर बोलतात, तेव्हां त्याचा आवाज आकाशांतील उपग्रहावरून येतो अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः खंडाखंडांमधील इंटरनेटचा जवळजवळ सर्व व्यवहार समुद्राच्या तळाशीं पसरलेल्या केबलींतून चालतो. केसासारखे बारीक कांचेचे तंतू, त्यांतून धावणारा प्रकाश, आणि ठराविक अंतरावर तो क्षीण झालेला प्रकाश पुन्हां सतेज करणारें यंत्र, अशी ही योजना आहे. मुंबईस येणाऱ्या केबलींपैकीं पुष्कळशा वर्सोव्याच्या लहानशा पट्ट्यांत किनाऱ्यास लागतात. ऐरोली-महापे येथील, तसेंच २०२० सालीं आपल्या पनवेलजवळ सुरू झालेल्या डेटा सेंटरचा जगाशीं संबंध अशा केबलींच्याच आधारें राहतो. ज्या वस्तूवर आपला इतका व्यवहार अवलंबून आहे, तिचा खर्च कोण करतो आणि तिचें धनीपण कोणाकडे जातें, हा प्रश्न प्रत्येक विचारी नागरिकानें स्वतःस विचारला पाहिजे.

प्रश्न नवा नाहीं. १८५९ सालीं तांबड्या समुद्रांतून हिंदुस्थानाकडे तार टाकण्याचें काम एका इंग्रज कंपनीनें हातीं घेतलें. ब्रिटिश सरकारनें तिच्या ८ लाख पौंड भांडवलावर दरसाल साडेचार टक्के व्याजाची ५० वर्षांची हमी दिली. ही तार फार ताणून टाकली गेली होती. खालीं उंचसखल खडक, वर शिंपल्यांचा भार, यांमुळें ती थोडक्याच काळांत ठिकठिकाणीं तुटली. संदेश बंद पडले. परंतु दरसाल ३६ हजार पौंड सरकारी तिजोरींतून जातच राहिले!

या अपयशाची रीतसर चौकशी होऊन तार पारखण्याची पद्धत सुधारली. पुढें मँचेस्टरचे व्यापारी जॉन पेंडर यांनीं सरकारी हमीवांचून भांडवल उभें केलें. फेब्रुवारी १८७० मध्यें ‘ग्रेट ईस्टर्न’ हें अजस्र जहाज मुंबईहून तार सोडीत एडनकडे निघालें, आणि त्याच वर्षीं जूनमध्यें लंडनपर्यंतचा मार्ग पुरा झाला. जेथें पत्रास आठवडे लागत, तेथें निरोप कांहीं तासांत जाऊं लागला. मात्र या तारेचा कारभार लंडनहून चाले. मुंबईच्या वाट्यास किनारा आला, धनीपण आलें नाहीं.

आपल्या काळांतील उदाहरणही मननीय आहे. टायको कंपनीनें २०० कोटी डॉलरांहून अधिक खर्चून सुमारें ६०,००० किलोमीटरांचें केबलींचें जाळें उभारलें. बाजार कोसळल्यावर तें टाटा समूहाकडे गेलेल्या विदेश संचार निगमनें २००५ सालीं १३ कोटी डॉलरांस विकत घेतलें. भांडवल बुडालें तरी तार समुद्रांत शाबूत राहते, आणि ज्याच्याजवळ त्या वेळीं धैर्य व पैसा असेल तो तिचा धनी होतो.

आतां गूगल व मेटा यांसारख्या श्रीमंत कंपन्या स्वतःच केबली टाकूं लागल्या आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्यें मेटानें ५०,००० किलोमीटरांहून लांब अशा केबलीची योजना जाहीर केली; तिच्या मार्गांत भारतही आहे. कोणी म्हणतील, “परके आपण होऊन तार आणून देतात, तर आपण आपला पैसा शाळा-दवाखान्यांवर खर्चावा हें बरें नव्हे काय?” आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु नफ्यासाठीं येणारा नफा असेल तेथेंच येतो. अंदमानास केबल नेण्याकरितां सरकारलाच पुढें व्हावें लागलें. सुमारें २,३०० किलोमीटरांची ही केबल ऑगस्ट २०२० मध्यें सुरू झाली आणि तिला १,२२४ कोटी रुपये लागले. हा पैसा टेलिफोन कंपन्यांवरील आकारणींतून, म्हणजे अंतीं तुमच्याआमच्या खिशांतून आला. जानेवारी २०२४ मध्यें लक्षद्वीपासही अशीच जोडणी मिळाली. माझ्या मतें हा सार्वजनिक पैशाचा सद्व्यय होय.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. जगांत दरसाल दीडशें ते दोनशें वेळां केबली नादुरुस्त होतात. बहुतेक वेळां कारण मासेमारीचें जाळें अथवा जहाजाचा नांगर हेंच असतें. जानेवारी २००८ मध्यें अलेक्झांड्रियाजवळ केबली तुटल्या, सप्टेंबर २०२५ मध्यें तांबड्या समुद्रांत तुटल्या. दोन्ही वेळां भारतांत इंटरनेट मंदावलें. तुटलेलीं टोकें गळानें वर ओढून कांचेचे तंतू जहाजावरच जोडावे लागतात. अशा जहाजांसाठीं देश परक्यांवर अवलंबून असल्याचें दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०२३ सालीं दाखवून दिलें. घर आपलें आणि कुलूप दुरुस्त करणारा परगांवचा, ही स्थिति शोभणारी नाहीं.

म्हणून मला असें वाटतें कीं, परक्या कंपन्यांचें स्वागत करावें, परंतु आपल्या किनाऱ्यास लागणाऱ्या प्रत्येक मोठ्या केबलींत भारतीय भांडवलाचा कांहीं तरी भाग असावा. सरकारनें दुरुस्तीच्या जहाजासाठीं पैसा काढावा. मात्र १८५९ ची चूक टाळून, काम पारखल्यावांचून पैसा देऊं नये. किनाऱ्यावरील कोळी बांधवांना केबलींचे मार्ग वेळेवर कळवावेत. केबल वांचविण्यासाठीं ज्यानें आपलें जाळें सोडून दिलें, त्यास भरपाई मिळावी असें १८८४ च्या आंतरराष्ट्रीय करारांतच ठरलें आहे. तो हक्क त्याच्या हातीं पडला पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, वर्गांत प्रकाशाच्या पूर्ण परावर्तनाचा धडा येतो तेव्हां तो केवळ परीक्षेपुरता समजूं नका; याच नियमावर या तारा चालतात. पालकहो, आपल्या मुलामुलींपैकीं कोणी समुद्रावरील अभियंता होण्याची इच्छा दर्शविली, तर तो मार्ग अनोळखी म्हणून त्यांस मागें ओढूं नका. जहाज विकत घेतां येईल; त्यावर काम करणारीं माणसें मात्र आपल्याच घरांतून तयार झालीं पाहिजेत.