घरची मांडणी

मृगाचा पाऊस एकदा सुरू झाला की रत्नागिरीत हवेलाच जणू पाणी सुटते. वर्षाकाठी येथे तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. या दिवसांत भिंतीलगतच्या पुस्तकांना बुरशी येते, जमिनीवर ठेवलेल्या ट्रंकांचे तळ गंजतात, आणि मोठ्या हौसेने विकत आणलेले, भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे कपाट गणपती येण्यापूर्वीच खालून फुगू लागते. एकदा फुगलेली अशी फळी पुन्हा पूर्ववत होत नाही. ते कपाट टाकून द्यावे लागते आणि त्याच्या जागी बहुधा तसेच दुसरे येते.

अशा घरात अकरा-बारा वर्षांची मुले असतील, तर पुढची मांडणी त्यांच्याकडूनच करवून घ्यावी. ही सूचना पुष्कळांना विचित्र वाटेल. मुलांनी अभ्यास करावा, सुतारकाम सुताराने करावे, असा आपल्याकडील रिवाज आहे. परंतु दोन उभ्या बाजू, तीन आडव्या फळ्या आणि तळाशी एक लहानसा खण एवढ्या कामात जेवढा अभ्यास दडलेला असतो, तेवढा पुष्कळ वह्यांतही सापडत नाही.

लाकूड निवडण्यापासूनच हा अभ्यास सुरू होतो. आंब्याचे लाकूड स्वस्त व तासावयास सोपे, पण त्याला कीड लवकर लागते. फणसाचे लाकूड ताजे असताना पिवळे दिसते, पुढे तांबूस होत जाते व वाळवीला सहसा दाद देत नाही. साग महाग खरा, पण त्याच्या अंगात मुळातच तेल असल्यामुळे दमट हवेत तो उत्तम टिकतो. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले व पुढे रत्नागिरीस आणून ठेवले. त्याच्यासाठी १९१० साली बांधलेल्या वाड्यात ब्रह्मी साग वापरलेला आहे आणि त्या वाड्याने आजवर शंभराहून अधिक पावसाळे पाहिले आहेत. मुलांच्या पहिल्या कामाला मात्र साग नको. जुन्या दाराची फणसाची फळी घरात पडून असेल, तर तिच्याइतकी सोयीची वस्तू दुसरी नाही. आंब्याच्या जुन्या लाकडी पेट्यांच्या पट्ट्या फारच पातळ असतात. त्यांवर मसाल्याच्या बरण्या राहतील, पुस्तके राहणार नाहीत.

पुस्तकांचे ओझे किती असते याचा अंदाज थोड्यांनाच असतो. एक मीटर लांबीची फळी पुस्तकांनी दाटून भरली तर तीवर तीस किलोंच्या आसपास वजन सहज येते. फळीची जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली आणि तीही तशीच दाटून भरली, तर तिला येणारा बाक दुप्पट न होता सोळापट होतो! उलटपक्षी लांबी तीच ठेवून जाडी दुप्पट केली, तर बाक आठव्या हिश्श्यावर येतो. हे गणित फळ्यावर खडूने लिहून दाखवता येते. पण दोन विटांवर फळी ठेवून, तीवर पुस्तके रचून व खालून पट्टीने बाक मोजून ज्याने ते पाहिले, त्याला ते पाठ करावे लागत नाही.

लाकूड तोडल्यानंतरही हवेतील ओल पिते व सोडते. ते लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र वाढते. साध्या लाकडाची एक वीत-दीड वीत रुंद फळी उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत तीन-चार मिलिमीटर फुगू शकते. म्हणून जाणता सुतार रुंद फळी चारी बाजूंनी जखडून टाकीत नाही, तिला हलावयास थोडी जागा ठेवतो; जागा न ठेवली तर ती वाकते किंवा चिरते. खाऱ्या हवेत लोखंडी खिळे गंजून लाकडावर काळे डाग पाडतात, तेव्हा पितळी स्क्रू बरे. मांडणीचे पाय जमिनीपासून चार बोटे उंच असावेत व तिची पाठ भिंतीला चिकटू नये, कारण जांभ्याची भिंत पावसाळ्यात ओल धरते. अर्थात करवत, रंधा व पटाशी ही धारेची हत्यारे असल्यामुळे मुलाजवळ एखादे मोठे माणूस बसलेले असावे. रंधा लाकडाच्या रेषांच्या उलट्या दिशेने चालवला की फळीवर ओरखडे उठतात, आणि ही चूक पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून होते.

मुले अशी कामे करू लागली तर सुताराच्या पोटावर पाय येईल, असा एक आक्षेप निघतो. प्रत्यक्षात घडते ते याच्या उलट. ज्याने एक फळी सपाट करताना तीन संध्याकाळ घाम गाळला, तो मोठेपणी सुताराशी मजुरीसाठी घासाघीस करताना दहादा विचार करील. आजची अप्रतिष्ठा या कामाला आली आहे ती ते कधीच न केलेल्या माणसांमुळे. महात्मा गांधींनी ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याचा विचार देशापुढे मांडला होता. त्या योजनेचे पुढे शाळांतून काय झाले, हा निराळा विषय आहे. घराच्या पडवीत मात्र ती चालवावयास कोणाच्या परवानगीची गरज नाही. एक पाट, चार हत्यारे आणि मे महिन्याची सुटी एवढे पुरते.

मुलांनी केलेली पहिली मांडणी थोडी तिरपी होते. तिच्या एका पायाखाली करवंटीचा तुकडा सरकवावा लागतो, आणि आलेल्या पाहुण्याला ते पहिल्या नजरेतच दिसते. श्रावणात तर तिचा खण अडकून बसतो व तो तासून टाकावा म्हणून मूल रंधा घेऊन धावते. अशा वेळी त्याला दिवाळीनंतरपर्यंत थांबावयास सांगावे. हवा कोरडी झाली की खण आपोआप सरकू लागतो. श्रावणात तासलेला खण मात्र पुढच्या उन्हाळ्यात खुळखुळत राहतो.