कावीळ, खडे आणि मिहानची वाट

नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा मार्गालगत, मिहान प्रकल्पाच्या भूमीवर अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे रुग्णालय उभे आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. शिवणगाव, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, खापरी या गावांतील शेतकऱ्यांच्या जमिनी ज्या प्रकल्पासाठी गेल्या, त्यात विमानदुरुस्तीच्या आणि संगणक कंपन्यांच्या बरोबरीने सर्वसामान्यांसाठी एक मोठे सरकारी रुग्णालयही यावे, याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु रुग्णालय उभे राहणे ही एक गोष्ट आणि रुग्णाला वेळेवर उपचार मिळणे ही दुसरी. या दोहोंमधील अंतर विदर्भातील सिकलसेलच्या रुग्णाला जितके जाणवते तितके क्वचितच कोणाला जाणवत असेल.

सिकलसेल हा नागपूरला नवा नाही. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील या दोषाची नोंद 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. विदर्भातील आदिवासी, दलित आणि कित्येक इतर मागासवर्गीय समाजांत तो पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. या रोगातील सांधेदुखी आणि रक्तक्षय यांची चर्चा होते. पित्ताशय आणि यकृत यांचे जे हाल होतात त्यांची चर्चा फारशी होत नाही. निरोगी माणसाची तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते, तर सिकलसेलच्या रुग्णाची पेशी बहुधा १० ते २० दिवसांतच फुटते. फुटलेल्या पेशींतून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य सतत तयार होत राहते. त्यामुळे डोळे पिवळे दिसतात आणि पित्ताशयात काळपट खडे साठतात. एरवी मध्यम वयाचा समजला जाणारा हा विकार येथे शाळकरी मुलांतही आढळतो.

त्याच वेळी यकृतही झिजत असते. विळ्याच्या आकाराच्या पेशी त्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून रक्तपुरवठा तोडतात. वारंवार रक्त चढवावे लागल्याने लोह साठून यकृत निबर होत जाते. रक्ताची चाचणी काटेकोर नसेल, तर 'बी' आणि 'सी' प्रकारच्या काविळीचे विषाणू त्याच रक्तातून शरीरात शिरू शकतात. मग उजव्या बरगडीखाली कळ उठली की ती खड्याची, अडलेल्या पित्तनलिकेची, की खुद्द यकृताची, हे नुसते पोट चाचपून ठरविता येत नाही. त्यासाठी सोनोग्राफी लागते, रक्ततपासण्या लागतात आणि त्यांचा अर्थ लावणारा जाणकार लागतो. कळीबरोबर थंडी वाजून ताप आला आणि कावीळ वाढली, तर तासांचा हिशेब करावा लागतो.

उपचाराचा निर्णयही सोपा नाही. त्रास न देणारा खडा पुष्कळदा तसाच ठेवून त्यावर लक्ष ठेवले जाते. वारंवार त्रास देणाऱ्या खड्यासाठी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया आज सर्रास होते. परंतु सिकलसेलच्या रुग्णाला तीपूर्वी शिरेतून पाणी द्यावे लागते, बहुधा रक्त चढवावे लागते, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी अंग गार पडू नये, प्राणवायू कमी पडू नये याची दक्षता घ्यावी लागते. यकृत निबर झाले असेल, पोटात पाणी साठत असेल, रक्त गोठण्याची शक्ती उणावली असेल, तर धोका कितीतरी पटींनी वाढतो. म्हणजे थांबले तर खडा सतावतो, आणि उशिरा शस्त्रक्रिया करावी तर यकृत साथ देत नाही. योग्य वेळ निघून जाऊ न देणे यातच या रुग्णाचे निम्मे औषध आहे.

नेमकी ही वेळ गरिबाच्या हाती नसते. गडचिरोलीहून नागपूर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर दूर आहे. भामरागड, एटापल्लीच्या माणसाला गडचिरोली गाठण्यातच दिवस जातो. एका खेपेत रोजंदारीवरच्या माणसाची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते. तेथे शल्यचिकित्सेची खिडकी वेगळी, यकृताची वेगळी आणि रक्तविकाराची वेगळी असेल, तर एकच शरीर तीन ठिकाणी वाटले जाते आणि प्रत्येक तारखेला नवी मजुरी बुडते. अशा वेळी माणूस गावातल्या गावात माळ घालून कावीळ उतरवून घेतो, किंवा दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून हवी तशी मात्रा घेतो. पॅरासिटामॉलची अतिमात्रा आधीच दुबळ्या यकृतावर आघात करते. याचे खापर रुग्णाच्या अज्ञानावर फोडणे सोयीचे आहे, पण न्याय्य नाही. जवळ जे दार उघडे असते, तेच तो ठोठावतो.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. चंद्रपूर येथील हिमोग्लोबिन विकारांच्या संशोधन केंद्राचे उद्घाटन मिहानच्या रुग्णालयाबरोबरच, त्याच दिवशी झाले. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे आहेत. तपासणी आवश्यकच आहे. आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला हा रोग होण्याची शक्यता चारांत एक असते, हे तरुणांना विवाहापूर्वी कळलेच पाहिजे. परंतु जे आज रुग्ण म्हणून जगत आहेत, त्यांच्या हाती कार्ड देऊन शासनाचे कर्तव्य संपत नाही. तपासलेल्यांची संख्या जाहीर होते; तशीच नियमित हायड्रॉक्सियुरिया मिळणाऱ्यांची, वर्षातून एकदा सोनोग्राफी झालेल्यांची आणि 'बी' काविळीची लस टोचलेल्यांची संख्याही तालुकावार जाहीर झाली पाहिजे.

मागण्या साध्या आहेत. हायड्रॉक्सियुरिया प्राथमिक आरोग्य केंद्रात खंड न पडता मिळावे. उपजिल्हा रुग्णालयांत सोनोग्राफीचे यंत्र असावे आणि ते चालविणारा माणूसही असावा. मोठ्या रुग्णालयांत या रुग्णांसाठी आठवड्यातून एक दिवस असा असावा, की त्या दिवशी रक्त, यकृत आणि शल्य या तिन्ही विभागांचे डॉक्टर एकत्र बसून एकाच खेपेत निर्णय देतील. सोबतच्या माणसाला रात्री टेकायला जागा मिळावी. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवी कोनशिला बसवावी लागणार नाही.

कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील सिकलसेलच्या रुग्णांची यादी करावी, औषध शेवटचे कधी मिळाले याची नोंद ठेवावी, आणि ती नोंद घेऊन ग्रामसभेत व आरोग्य केंद्रात जावे. मिहानची वाट गावातल्या आरोग्य केंद्रापासून सुरू होते. तेथेच औषधाचा साठा संपलेला असेल, तर रुग्ण मिहानला पोहोचेपर्यंत शस्त्रक्रियेची योग्य वेळ टळून गेलेली असते.