जंताची गोळी दिली म्हणजे कर्तव्य संपत नाही

दर तीन महिन्यांनी जंताची गोळी दिली की कुत्रा सर्व कृमींपासून सुरक्षित राहतो, आणि तरीही फुप्फुसकृमीची लागण झालीच तर तिचे खापर रात्री परसात फिरणाऱ्या कोल्ह्यावर फोडावे, असा समज ब्रिटनमधील श्वानपालकांत घट्ट रुजला आहे. या समजाचे दोन्ही भाग चुकीचे असून त्यांची किंमत कुत्र्यांना प्राणांनी मोजावी लागते.

प्रस्तुत कृमीचे शास्त्रीय नाव अँजिओस्ट्राँगायलस व्हॅसोरम. त्याला फुप्फुसकृमी म्हणत असले, तरी जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर लांबीचा प्रौढ कृमी राहतो तो हृदयाच्या उजव्या बाजूस आणि तेथून निघणाऱ्या फुप्फुसधमनीत. मादीची अंडी फुप्फुसांत उबतात, अळ्या खोकल्यावाटे घशाशी येऊन गिळल्या जातात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. ती विष्ठा गोगलगाईने किंवा स्लगने, म्हणजे बिनशंखी गोगलगाईने, खाल्ली की तिच्या शरीरात अळ्या संसर्गक्षम होतात आणि ती गोगलगाय कुत्र्याच्या पोटात गेली की चक्र पुरे होते. कुत्र्याने ती मुद्दाम खाल्ली पाहिजे असेही नाही: पावसाळी रात्री अंगणात राहिलेल्या चेंडूला किंवा पाण्याच्या भांड्याच्या कडेला नखाएवढा स्लग चिकटलेला असतो आणि सकाळी तोच चेंडू कुत्रा तोंडात धरतो. पुढे खोकला व धाप लागते, रक्त गोठण्याची क्रिया बिघडून रक्तस्राव होतो, आणि तो मेंदूत झाल्यास झटके येतात.

कोल्ह्यालाही हाच कृमी होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ब्रिटनमधील ७.३ टक्के कोल्ह्यांत तो आढळला होता. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण १८.३ टक्के होते आणि आग्नेय इंग्लंडमध्ये तर सुमारे निम्मे कोल्हे बाधित निघाले. परंतु कोल्हे मारण्याची मागणी यातून सिद्ध होत नाही, कारण मोकळ्या झालेल्या हद्दीत दुसरा कोल्हा येतो, गोगलगाईंमधील अळ्या जागच्या जागी राहतात, आणि बाधित कुत्रा स्वतःच अळ्या सोडत असतो, ज्याला गाडीत बसवून दूरच्या गावी नेणारा माणूसच असतो.

दुकानात सहज मिळणाऱ्या बहुतेक जंतनाशकांचा रोख आतड्यांतील गोलकृमी व पट्टकृमी यांच्यावर असतो. फुप्फुसकृमीच्या प्रतिबंधासाठी मॉक्सिडेक्टिन किंवा मिल्बेमायसिन ऑक्साइम ही द्रव्ये पशुवैद्याच्या चिठ्ठीने, तीही दरमहा, द्यावी लागतात. संशय आल्यास एकाच दिवसाच्या विष्ठेवर विसंबू नये, कारण अळ्या रोज सारख्या प्रमाणात पडत नाहीत. म्हणून तीन दिवसांचे नमुने जाळीदार कापडात बांधून कोमट पाण्याच्या नरसाळ्यात ठेवतात आणि तळाशी उतरलेल्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखतात. रक्तातील प्रतिजनाची, म्हणजे कृमीने सोडलेल्या प्रथिनाची, चाचणीही उपलब्ध आहे.

मांजराचा फुप्फुसकृमी वेगळा, इल्युरोस्ट्राँगायलस ॲब्स्ट्रुसस या नावाचा. तो गोगलगाईंप्रमाणेच त्या खाणाऱ्या उंदरांतून व पक्ष्यांतूनही येतो. डासांमुळे पसरणारा हृदयकृमी, डायरोफिलेरिया इमिटिस, ज्याची मादी तीस सेंटिमीटरपर्यंत वाढते, दक्षिण युरोपात आणि ईशान्य भारतातही आढळतो. ब्रिटनच्या थंड हवेत त्याने अद्याप ठाण मांडलेले नसले, तरी बाधित प्रदेशांतून आणलेले कुत्रे तो सोबत आणू शकतात. प्रौढ हृदयकृमी मारण्यासाठी आर्सेनिकयुक्त औषधाची जोखमीची इंजेक्शने द्यावी लागतात. प्रतिबंधाला मात्र महिन्याकाठी एक मात्रा पुरते.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. आपले औषध कोणत्या कृमींवर चालत नाही, हे प्रत्येक उत्पादकाने वेष्टनाच्या दर्शनी बाजूस ठळक अक्षरांत छापावे. पशुवैद्यांनी लसीकरणाच्या भेटीतच फुप्फुसकृमीचा विषय काढावा. परदेशांतून कुत्रे आणणाऱ्या संस्थांनी हृदयकृमीच्या चाचणीविना कुत्रा कोणाच्याही हवाली करू नये. आणि श्वानपालकांनी विष्ठा तत्काळ उचलावी, भांडी व खेळणी रात्री घरात घ्यावीत आणि महिन्याची मात्रा चुकवू नये. जो पालक यांतले काहीही न करता कोल्ह्याच्या नावाने बोटे मोडतो, त्याच्या कुत्र्याला खरा धोका त्याच्या निष्काळजीपणाचाच आहे.