जाम प्लग आणि आपली घाई

वडपे नाक्याजवळच्या गोदामातून माल उचलणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याची जुनी मारुती व्हॅन म्हणजे अर्धे दुकानच. तिचा स्पार्क प्लग जाम झाला, की आपण घरीच पान्याला पाइप लावून जोर करतो. मीही केला. प्लगबरोबर हेडचे आटे निघाले. हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यावे लागले आणि तीन दिवस कापडाचे तागे पडून राहिले.

व्यापारी बांधवांनो, हेड ॲल्युमिनियमचे आणि प्लग पोलादाचा. जोर केला की नरम धातूचेच आटे जातात. आधी प्लगभोवतीची माती फुंकून काढावी. थंड इंजिनावर गंज सोडवणारे तेल मुळाशी सोडून रात्रभर थांबावे. सकाळी इंजिन कोमट करावे. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे पकड ढिली होते. मग पाव फेरा सैल, पुन्हा आत, असे सबुरीने करावे. तरीही हलला नाही, तर मिस्त्रीला बोलवावे.

धोटा अडकला तर आपण माग जबरदस्तीने फिरवीत नाही, आधी बंद करतो. गाडीलाही तोच कायदा लावावा. मिस्त्रीची मजुरी वाचवायला गेलो आणि हेडचा खर्च अंगावर आला, हा सौदा कोणत्याही वहीत फायद्याचा ठरत नाही.