घाट आणि माणसे

आशय आणि घाट यांच्या परस्परसंबंधावर आपल्या समीक्षेत पुष्कळ लिहिले गेले आहे. तोच प्रश्न साहित्याबाहेर कसा उभा राहतो हे पाहायचे असेल, तर इंग्लिश प्रीमियर लीगमधील चेल्सीचा २०१६-१७ चा हंगाम उद्बोधक ठरावा.

आदल्या हंगामात दहाव्या क्रमांकावर घसरलेला हा संघ अंतोनिओ कोन्ते या इटालियन प्रशिक्षकाच्या हाती आला. त्यांनी आरंभ केला तो चार बचावपटूंच्या प्रचलित मांडणीने. सप्टेंबर २०१६ मध्ये लिव्हरपूलने चेल्सीला त्यांच्याच मैदानावर २-१ असे हरवले, पाठोपाठ आर्सेनलने ३-० असे. या दुसऱ्या सामन्याच्या उत्तरार्धातच कोन्ते यांनी फॅब्रेगासला बाहेर घेऊन मार्कोस आलोन्सोला उतरवले आणि बचावात तीन खेळाडू ठेवले. पुढच्या लीग सामन्यापासून ३-४-३ हीच रचना कायम झाली. सलग १३ विजय मिळाले. अखेर ३८ पैकी ३० सामने जिंकून, ९३ गुणांसह चेल्सी विजेता ठरला.

या यशाचे श्रेय सर्रास रचनेला दिले जाते. मला ते पटत नाही. विजयांची ती मालिका जानेवारी २०१७ मध्ये खंडित केली टॉटनहॅमने, आणि मे महिन्यात एफए कपच्या अंतिम सामन्यात चेल्सीला हरवले आर्सेनलने. हे दोन्ही संघ त्या वेळी तीन बचावपटूंनिशीच खेळत होते. तेव्हा निव्वळ घाटात जादू नव्हती.

कोन्ते यांचे खरे कर्तृत्व हाताशी असलेली माणसे नव्याने वाचण्यात होते. व्हिक्टर मोझेस हा आक्रमक खेळाडू तीन हंगाम तीन वेगळ्या क्लबांना उसना दिला गेला होता. त्याला उजव्या कडेची संपूर्ण पट्टी सोपवली गेली. अझपिलिक्वेटा कडेचा बचावपटू. तो तिघांतला एक झाला आणि लीगमधला प्रत्येक मिनिट खेळला. उतावळेपणाबद्दल टीकेचा धनी झालेल्या डेव्हिड लुईझला मधोमध उभे करून दोन्ही बाजूंनी आधार दिला गेला. उणिवा नाहीशा झाल्या नाहीत. त्यांना सामावून घेणारी जागा सापडली.

मात्र येथे साहित्याशी केलेली तुलना अपुरी पडते. लेखक पुनर्लेखनात एखादे चांगले प्रकरण गाळतो, तेव्हा त्या प्रकरणाला काही सोसावे लागत नाही. येथे कर्णधार जॉन टेरी बहुतांश हंगाम राखीव बाकावर बसला. अनेक विजेतेपदांचा भागीदार असलेला इव्हानोविच हंगाम अर्ध्यावर असताना रशियातील झेनित क्लबकडे गेला. निर्णय योग्य होता, असे गुणतक्ता सांगतो. तो कुणाच्या वाट्याला काय घेऊन आला, हे मात्र तक्त्यात कुठे नोंदलेले नसते. ते वाचणे हेही समीक्षेचेच काम आहे.